हाडाला काम द्या
(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर बसलेले बहुतेक जण साठीच्या पुढचे आहात, आणि मागच्या रांगांत तुम्हाला घेऊन आलेली मुलं, सुना, लेकी दिसताहेत. आजचं बोलणं सगळ्यांसाठी आहे, पण मागच्या रांगांनी जरा जास्त कान देऊन ऐकावं अशी माझी विनंती आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या घरांत एक बोलणं मला फार ऐकू येतं. "आई, तुम्ही बसा, मी आणते." "बाबा, ती पिशवी राहू द्या, तुम्हाला झेपायची नाही." हे मायेपोटी म्हटलेलं असतं आणि हाडांना ते महागात पडतं. हाडाला अन्न लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाडाला काम लागतं, वजन लागतं, हे सांगायला मी आज आले आहे.

हाड एकदा तयार झालं की जन्मभर तसंच राहतं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाडातून रक्त वाहतं आणि त्यात रात्रंदिवस कामं चालू असतात. एका तऱ्हेच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी तिथे नवं भरतात. गवंडी पोपडे धरलेली भिंत उकरून पुन्हा गिलावा करतो, तसं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नवा होत असतो. तिशीपर्यंत भरणं खरवडण्यापेक्षा जास्त असतं. मग काही वर्षं दोन्ही बरोबरीनं चालतं, आणि चाळिशीनंतर खरवडणं हळूहळू वरचढ होतं.

बायकांच्या बाबतीत पाळी जाते तेव्हा यात मोठी उडी येते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्या खरवडणाऱ्या पेशींना आवरून धरत असतं. ते कमी झालं की पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी जाते, आपल्याकडे ती सेहेचाळीस-सत्तेचाळीसलाच जाते. म्हणजे आपल्या बायकांची ही घसरण चार-पाच वर्षं आधी सुरू होते, आणि तेव्हा त्या घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांची आजारपणं यांत बुडालेल्या असतात. पुरुषांत हे सावकाश होतं, म्हणून पुरुष निर्धास्त असतात. पण सत्तरीनंतर तेही त्याच वाटेवर असतात, आणि खुब्याचं हाड मोडल्यावर पुरुष दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त आहे. काकामंडळींनी हे ऐकून सोडून देऊ नये.

इथे एक घोळ मिटवून टाकते. गुडघे दुखतात म्हणून "माझी हाडं ठिसूळ झालीत" असं कितीतरी जण सांगतात. गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेची असते, तो वेगळा आजार. हाडं ठिसूळ होताना काहीही दुखत नाही. ती मोडतात तेव्हाच कळतं. मनगटाचं हाड, पाठीचा मणका आणि खुबा, या त्यांच्या मोडण्याच्या ठरलेल्या जागा. यातला मणका तर मोडल्याचंही बऱ्याचदा कळत नाही. तो दाबला जातो, पाठ काही दिवस धरते, मलम चोळलं जातं, आणि विषय संपतो. मग एक दिवस बाईच्या लक्षात येतं की नेहमीचा परकर जमिनीला लागायला लागलाय, किंवा वरच्या फळीवरचा डबा हाताला येत नाही. वयानं माणूस थोडा आटतो हे खरं, पण तरुणपणापेक्षा दीड-दोन इंच उंची कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून घ्या. ते मणके गुपचूप दबलेले असू शकतात.

आता कामाकडे येते.

जूलिअस व्होल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९२ साली मांडून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. याच्या उलट टोकाचं उदाहरण अंतराळवीरांचं. तिथे शरीराला वजनच नसतं, आणि ही माणसं तर निवडून घेतलेली, तरुण, तंदुरुस्त. तरी त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. पृथ्वीवर एखाद्या म्हाताऱ्या बाईची जेवढी वर्षात घटावी तेवढी त्यांची महिन्यात. त्यांना खायला-प्यायला काही कमी नसतं, कॅल्शियम मोजून दिलेलं असतं. कमी असतो तो फक्त भार. म्हणून आता दोन तास व्यायाम हा त्यांच्या रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हेच होतं. आणि दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलेल्या आजीचंही, थोड्या सावकाशीनं, हेच होतं.

जमेल त्यांनी आत्ता एक करून बघा. ज्यांना चक्कर येते किंवा अलीकडे ऑपरेशन झालंय त्यांनी नुसतं बघा. खुर्चीत जरा पुढे सरका. पाय जमिनीवर टेकलेले, गुडघ्यांच्या किंचित मागे. दोन्ही हात छातीवर कैचीसारखे घ्या. आता हात न लावता उभे राहा. आणि सावकाश, धपकन नाही, सावकाश खाली बसा. पुन्हा एकदा. बघा, किती जणांचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडे गेले. ज्यांना उठताना पुढे हिसका द्यावा लागला त्यांच्या मांड्यांतलं बळ कमी झालंय, आणि त्याच मांड्यांवर तुमचा संडासातून उठण्याचा, बसच्या पायऱ्या चढण्याचा आणि तोल गेला तर सावरण्याचा भरवसा आहे. हाच व्यायाम आहे. रोज दहा वेळा. दहा सहज जमायला लागले की हातात पाण्यानं भरलेली एक बाटली धरा, मग दोन धरा.

"या वयात आता कुठलं बळ येणार?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी याचं उत्तर शोधलं, आणि त्यांचा अभ्यास १९९० साली छापून आला. त्यांनी नव्वदीच्या आसपासची दहा माणसं घेतली. ही माणसं अशक्त होती, संस्थेत राहणारी होती. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनं उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तोही लुटुपुटीचा नाही, जितकं उचलता येईल त्याच्या ऐंशी टक्के वजनाचा. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे आधीच्या अडीच पटीहून जास्त झाली. दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे होत असेल तर सत्तरीतल्या माणसानं "आता काय राहिलं" म्हणण्यात अर्थ नाही.

तो अभ्यास स्नायूंचा होता. हाडांचा नेमका अभ्यास ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका. त्यांच्यातल्या निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलायला लावली: जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावर घेऊन बैठका, डोक्यावर नेणं, आणि लटकून खाली उडी टाकणं. उरलेल्या निम्म्या घरी हलका व्यायाम करत राहिल्या. हलका व्यायाम करणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सव्वा टक्क्याच्या आसपास घटली, जड उचलणाऱ्यांची जवळजवळ तीन टक्के वाढली. आणि इतकी जड वजनं उचलूनही कुणाचं हाड मोडलं नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी रुग्णांना वर्षानुवर्षं दिलेल्या "जड उचलू नका" या सरसकट सल्ल्याचा मला फार विचार पडला. तो सल्ला काही जणांसाठी बरोबरच आहे, पण सगळ्यांच्या चिठ्ठीवर तो छापील असल्यासारखा लिहिला जातो.

तुम्ही उद्यापासून तांदळाचं पोतं उचला असं मी म्हणत नाही. त्या बायकांना आधी महिनाभर हलक्या वजनांवर नीट उचलायला शिकवलं होतं. तुम्हीही तसंच करा. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे चार वेळा जा, उचलायची रीत शिका: वजन अंगाजवळ, पाठ सरळ, वाकायचं ते खुब्यातून आणि गुडघ्यांतून. मग घरी करा. किती वजन, याची खूण सोपी आहे. दहा वेळा करताना शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. त्या सहज गेल्या तर त्या वजनाचा हाडाला काही उपयोग नाही.

चालण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तुमच्यातले बहुसंख्य जण रोज सकाळी चालता आणि तेवढ्यावर समाधानी आहात. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे. ते सोडू नका. पण हाडाला त्याची सवय झालेली असते. वर्षानुवर्षं तोच रस्ता, तोच वेग, तेवढंच वजन. नुसत्या चालण्यानं मणक्यांची घनता वाढल्याचं फारसं दिसत नाही. पोहणं आणि सायकल यांत तर अंगाचा भार पाणी किंवा सीट घेते. चालताना अधूनमधून चढ घ्या, जिने चढा, येताना भाजीची पिशवी स्वतः उचलून आणा. घरी ओट्याला हात धरून टाचा उंच करा आणि धपकन खाली सोडा, त्या हलक्या दणक्यानं खुब्याला निरोप पोचतो. अर्थात, आधी मणका दबलेला असेल तर हा दणका नको.

आणि एक इशारा, विशेषतः बागेत योगासनं करणाऱ्या गटांसाठी. अमेरिकेतल्या मायो क्लिनिक या रुग्णालयातला १९८४ सालचा एक अभ्यास आहे. मणके ठिसूळ झालेल्या बायकांच्या एका गटाला पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, दुसऱ्या गटाला पुढे वाकण्याचे. काही काळानं एक्स-रे काढले. मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के बायकांचे मणके नव्यानं दबले होते. पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्के. अभ्यास लहान होता, पण फरक इतका मोठा आहे की तो विसरता येत नाही. तेव्हा ज्यांची हाडं तपासणीत ठिसूळ निघाली आहेत त्यांनी पश्चिमोत्तानासन, हलासन, पाय ताठ ठेवून बोटांना हात लावणं हे बंद करावं. सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणंही त्यातच आलं. भुजंगासन पोटावर झोपून, बेताबेतानं, छाती जरा उचलण्याइतकं करा. वृक्षासन भिंतीजवळ उभं राहून करा, तोलासाठी ते फार चांगलं. गटात सगळे करतात म्हणून आपणही करायचं, असं या बाबतीत चालत नाही.

पूर्वीच्या बायका पाणी शेंदायच्या, दळण-कांडण करायच्या, म्हणून त्यांची हाडं लोखंडाची होती, असं व्याख्यानांतून ऐकवतात. मी तसं म्हणणार नाही. त्या बायकांनी भार भरपूर उचलला, पण सात-आठ बाळंतपणं काढली आणि शेवटी पातेल्यात उरलं ते खाल्लं. आपल्याला त्यांचा भार हवा, त्यांचं ताट नको.

म्हणून आता ताट.

शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत असतं आणि त्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन चालतं. म्हणून शरीर रक्तातलं कॅल्शियम कमी होऊ देत नाही. जेवणातून आलं नाही की हाडातून काढून घेतं. २०२० साली आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ठरवलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००.

बाह्यरुग्ण विभागात मी प्रत्येक बाईला विचारते, "दूध किती घेता?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "चहातलं." घरात लिटरभर दूध येतं, ते नातवाच्या पेल्यात जातं, मुलाच्या डब्यातल्या दह्यात जातं, यजमानांच्या रात्रीच्या कपात जातं. हिच्या वाट्याला दोन कप चहातलं अर्धी वाटी दूध, म्हणजे जेमतेम शंभर मिलिग्रॅम. घरात ज्या बाईला सगळ्यात जास्त कॅल्शियम लागतं तिला सगळ्यात कमी मिळतं. मागच्या रांगांनो, यावर उपाय डॉक्टरकडे नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

हिशोब करून दाखवते. मोठा कपभर दूध, २०० मिली, यात सुमारे २४० मिलिग्रॅम. वाटीभर दह्यात १८०च्या आसपास. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही आणि ताक सहसा पचतं, फक्त ताक म्हणजे पांढरं पाणी करू नका. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. एका बऱ्यापैकी भाकरीत दोनशे धरा. नाचणीचं सत्त्व काढताना मात्र एक लक्षात ठेवा. तिचं कॅल्शियम बरंचसं वरच्या सालीत असतं, आपण ते भिजवून, वाटून, फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकून देतो. लहान बाळासाठी ठीक आहे. मोठ्यांनी मोड आणलेल्या नाचणीचं न गाळलेलं पीठ वापरावं, मोड आणल्यानं कॅल्शियम अंगी लागणंही सुधारतं.

पालेभाज्यांत एक मोठा गैरसमज आहे तो पालकाचा. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. दुधातलं कॅल्शियम साधारण तीस टक्के अंगी लागतं, पालकातलं पाच टक्के. पालक इतर कारणांसाठी खा. कॅल्शियमसाठी मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला. आपण मुळा घेतो आणि पाला भाजीवाल्याकडेच तोडून टाकायला सांगतो. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या वर मिलिग्रॅम आहे. शेवगा तर दारात असतो आणि आपण फक्त शेंगा काढतो. हुळगा, कोकणात कुळीथ म्हणतात तो, कडधान्यांत सगळ्यात वरचा, शंभर ग्रॅमला पावणेतीनशेच्या आसपास. कुळथाची पिठी, शेंगोळे हे हिवाळ्यापुरतं ठेवू नका. तिळाचा आकडा फार मोठा दिसतो, शंभर ग्रॅमला हजाराच्या वर, पण तो बिनपॉलिशच्या तिळाचा असतो, आणि त्याच्या सालीतही ऑक्झॅलेट असल्यानं सगळा अंगी लागत नाही. तरी भाजून कुटलेल्या तिळाची चमचाभर चटणी रोज असावी. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खाता येणारे खावेत: कुरकुरीत तळलेली मांदेली, सुकट, सुके बोंबील. खारवलेले असतील तर रक्तदाबवाल्यांनी जपून.

दिवसभरात कपभर दूध, वाटीभर दही, नाचणीची एक भाकरी, यातल्या एखाद्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी आणि दोन चहा. बेरीज हजाराच्या जवळ जाते. यात एकही महागडा डबा नाही.

खायचा चुना घेण्याचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, गव्हाच्या दाण्याएवढा, दह्यातून वगैरे. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं. पण तो दाहक आहे, डब्यातल्या चुन्यात आणखी काय मिसळलंय हे कुणी तपासलेलं नसतं, आणि दाण्याचा वाटाणा व्हायला वेळ लागत नाही. मी तो कुणालाही घ्यायला सांगत नाही.

कॅल्शियमच्या पाठोपाठ जे सगळे विसरतात ते प्रथिनं. हाडाचा सांगाडाच मुळी प्रथिनाचा असतो, कॅल्शियम त्यावर बसतं. आणि हाडावर भार टाकणारे स्नायूही प्रथिनांचेच. वय झालं की जेवण हलकं होत जातं. दात हलतात, भूक मरते, एकट्यासाठी कोण करणार म्हणून रात्री चहा-खारी किंवा दूध-पोळी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमही नसतात. वरण घट्ट करा. रोज एखादी उसळ, शेंगदाण्याचं कूट, दही, चालत असेल तर दोन अंडी किंवा मासे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणून पापड-लोणची आवरा. तंबाखू हाडाला वाईट, आणि त्यात मिशरीही आली. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिशरी लावते" असं सांगणाऱ्या आज्या मला भेटतात; हिरडीतून ती तंबाखू रक्तातच जाते.

ऊन. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यावं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. कोवळं ऊन सुखाचं आहे, पण त्यातून ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. सूर्य तिरपा असताना ती किरणं वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल त्या वेळचं ऊन हवं, आणि ते खिडकीच्या काचेतून चालत नाही. हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बसा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखात मात्र भर दुपारी बसू नका, तिथे उष्माघाताची भीती खरी आहे. दहाच्या सुमारास उरका. सत्तरीतली कातडी तरुण कातडीच्या निम्म्याहूनही कमी ड जीवनसत्त्व बनवते, आणि पावसाळ्यात तर ऊनच नसतं. त्यामुळे आपल्या देशात इतकं ऊन असूनही कमतरता सर्रास सापडते, आणि बऱ्याच जणांना गोळी लागतेच.

पण त्या गोळीबद्दल नीट ऐका. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते, ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "आठवड्याला एक" लिहिलेलं असतं आणि घरी ती रोज एक घेतली जाते. किंवा दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी तीच दिलेली असते. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, माणूस बरळायला लागतो, मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं असतं. अशी माणसं रुग्णालयात दाखल करावी लागतात. घरी गेल्यावर आई-बाबांच्या औषधांची पिशवी पलंगावर उलटी करा आणि ड जीवनसत्त्वाच्या किती पुड्या, कुणी दिलेल्या, हे आजच बघा. जास्त म्हणजे चांगलं, असं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांवर एक प्रयोग झाला. त्यांच्यातल्या निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच डोस दिला. २०१० साली निष्कर्ष आला तेव्हा डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती.

कॅल्शियमची गोळी जेवणातली तूट भरण्यापुरती घ्या. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंगी लागत नाही. कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर. लोहाच्या गोळीबरोबर नको, आणि थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास जाऊ द्या.

खुब्याची हाडं बहुतेक सगळी पडण्यामुळे मोडतात, आणि माणूस पडतो ते घरातच. रात्री दोन वाजता लघवीला उठलेला, दिवा न लावता, झोपेच्या गोळीच्या अमलात, पायघोळ गाऊन, झिजलेली स्लीपर, मोरीपाशी ओली फरशी आणि पुढ्यात घसरणारं पायपुसणं. या यादीतली प्रत्येक गोष्ट उद्याच्या उद्या बदलता येते. पलंगावरून बाथरूमपर्यंत रात्रभर एक मंद दिवा, कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी, पायपुसणं काढून टाकणं. उठल्यावर आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभं राहताच दाब उतरतो. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

तपासणीचं थोडक्यात सांगते. शिबिरांत टाचेला यंत्र लावून फुकट तपासतात, त्यावरून निदान होत नाही. खरी तपासणी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणं, खुबा आणि कमरेच्या मणक्यांची. तिचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं मानतात. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक बाईनं ती एकदा करावी. पाळी लवकर गेली असेल, आई-वडिलांचा खुबा मोडला असेल, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल, तर त्याआधीच. गुडघेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच असतं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं बरं वाटतं आणि हाडं आतून पोखरली जातात. त्या घेऊ नका.

शेवटी, ज्यांच्या घरी हाड मोडलेलंच आहे त्यांच्यासाठी. खुबा मोडला तर "या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू दे" म्हणून दिवस घालवू नका. प्रकृती परवानगी देत असेल तर ऑपरेशन पहिल्या दोन दिवसांत व्हावं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माणूस आधारानं उभा राहावा. खुबा मोडलेल्या दर चार-पाच वृद्धांतला एक वर्षभरात दगावतो, आणि त्यामागे अंथरुणातलं पडून राहणं, छातीतला कफ, शय्याव्रण हे सगळं असतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, की घर सुटकेचा निःश्वास टाकतं आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ज्या हाडांमुळे हे मोडलं ती तशीच ठिसूळ असतात. त्यांचं औषध सुरू झालं का, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा. आठवड्याला घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी असते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहाही नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनेट आहे. ही औषधं देण्याआधी दात तपासून घ्यावे लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम बघावं लागतं. डिस्चार्जच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नसेल तर पहिल्याच फेरतपासणीला तो कागद घेऊन जा आणि विचारा.